भाताच्या बांधावरचा तपकिरी स्किपर ओळखायचा कसा?

भात पोटरीला आलं की बेळगावजवळच्या येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात बांधावरून चालताना पायाजवळून काहीतरी तपकिरी सुर्रकन निघून जातं. चार-पाच हातांवर पुन्हा बसतं. जवळ जावं तर पुन्हा पसार. बहुतेक लोक त्याला पतंग समजून सोडून देतात. ज्यांना फुलपाखरांचा नाद आहे ते फोटो काढतात, घरी येऊन मोठा करून बघतात आणि वैतागतात. सगळे फोटो सारखेच: तपकिरी पंख, पांढरे ठिपके, संपलं.

हे पतंग नव्हेत, फुलपाखरंच आहेत. हेस्पेरिडी कुळातली, म्हणजे स्किपर. यांचं डोकं रुंद, डोळे मोठे, धड जाडजूड. मिशा एकमेकींपासून चांगल्या लांब उगवलेल्या. इतर फुलपाखरांच्या मिशीचं टोक नुसतं जाड होऊन संपतं, बहुतेक स्किपरांत त्या जाड टोकाला पुढे बारीकसा आकडाही असतो. धड जाड दिसतं ते उडण्याच्या स्नायूंमुळे. म्हणून यांचं उडणं संथ फडफडीचं नसतं, नुसते झटके असतात. जुने अभ्यासक यांना इतर फुलपाखरांपासून वेगळं काढून एका स्वतंत्र गटात ठेवत. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर ती भिंत पडली आणि आता स्किपर फुलपाखरांच्याच घरात नांदतात.

या कुळातला गवतखाऊ गट हा या लेखाचा विषय. गवतखाऊ म्हणजे अळी गवत खाते. मोठं झालेलं फुलपाखरू फुलातला मधच पितं. आणि गवत म्हणजे नुसती हरळी-कुसळी नव्हे. भात, ऊस, ज्वारी, मका, बांबू ही सगळी एकाच गवत कुळातली मंडळी. खानापूर-बेळगाव पट्ट्यात भात, निपाणी-चिकोडी-संकेश्वरकडे ऊस, पूर्वेला काळ्या रानात ज्वारी. या स्किपरांच्या दृष्टीने जिल्ह्यात उपास घडण्यासारखी जागाच नाही. याच गटातल्या काही जाती हळद-आल्यावर, केळीवर किंवा नारळावरही वाढतात, पण त्यांना आज बाजूला ठेवू.

एक सावधगिरी आधीच घेतलेली बरी. गवतात बसलेला प्रत्येक छोटा स्किपर गवतखाऊ नसतो. राजहंसगडाच्या उतारावर किंवा कुठल्याही कोरड्या माळावर एक काळपट, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला चिमुकला स्किपर जमिनीलगत उडताना दिसतो. तो इंडियन स्किपर. त्याची अळी चिकण्यासारख्या जास्वंदीच्या कुळातल्या झुडपांवर वाढते, गवताला तोंड लावत नाही. उन्हात बसला की तो चारही पंख सपाट पसरतो, आणि तिथेच तो वेगळा कळतो.

कारण गवतखाऊ स्किपरांची ऊन खाण्याची तऱ्हा निराळीच आहे. मागचे दोन पंख आडवे पसरलेले आणि पुढचे दोन तिरके वर उचललेले, सांबऱ्याच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानासारखा थाट. फुलपाखरांच्या बाकी कुठल्याही कुळात ही बसण्याची पद्धत दिसत नाही. सकाळी दव वाळताना बांधावर या थाटात कोणी बसलेलं दिसलं की गट ठरला. मग पंख मिटून बसला तरी हरकत नाही, उलट बरंच. ओळखीचा खरा मजकूर पंखाच्या खालच्या बाजूला लिहिलेला असतो.

आता त्या तपकिरी मंडळींकडे वळू. इंग्रजी नावात यांना स्विफ्ट म्हणतात आणि हौशी लोकही तसंच म्हणतात. पंख पसरल्यावर साधारण तीन ते पावणेचार सेंटिमीटर, वरून तपकिरी, खालून मातकट किंवा किंचित हिरवट झाक असलेले. पुढच्या पंखावर काचेसारखे अर्धपारदर्शक ठिपके, अर्धवर्तुळात मांडलेले. इथपर्यंत सगळे भाऊ-भाऊ. रंगावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताजं फुलपाखरू हिरवट दिसतं, आठवड्यात खवले झडले की तेच फिकट होतं. ठिपका झिजेल, पण त्याची जागा बदलत नाही.

म्हणून जागा बघायची. पंखाच्या बुडापासून निघून मधोमध बंद होणारी एक लांबट चौकट शिरांनी आखलेली असते, तिला अभ्यासक सेल म्हणतात. स्किपर पंख मिटून बसलेला असताना बाहेरून दिसतो तो मागच्या पंखाचा खालचा भाग. तिथे बाहेरच्या अंगाला बारीक पांढऱ्या ठिपक्यांची एक कमान दिसते. त्या कमानीच्या आत, पंखाच्या बुडाकडे, सेलमध्ये आणखी एक सुटा ठिपका आहे का, हा पहिला प्रश्न. असेल तर बहुधा तुमच्यासमोर पेलोपिडास जातकुळीतला (जातकुळी म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, म्हणजे पेलोपिडास मॅथियास किंवा त्याचा सख्खा शेजारी आहे. सेल मोकळी, कमानीत तीन-चार लहानमोठे ठिपके, आणि पुढच्या पंखाच्या खालच्या कडेजवळ वरून एक पिवळसर, पारदर्शक नसलेला ठिपका दिसत असेल तर राइस स्विफ्ट, बोर्बो सिन्नारा. भाताच्या शिवारात या दोघांचीच गर्दी जास्त.

दुसरा प्रश्न नराच्या अंगावरच्या खुणेचा. ब्रँडेड स्विफ्टच्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, एक बारीक राखाडी तिरकी रेघ असते. ती खास गंध सोडणाऱ्या खवल्यांची असते आणि मादीला राजी करताना कामी येते. मादीच्या पंखावर त्या जागी रेघ नाही, ठिपके असतात. राइस स्विफ्टच्या नराला अशी रेघच नसते. म्हणजे रेघ दिसली की बोर्बो बाद झाला. रेघ दिसली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण समोर मादी असू शकते. इथे घाई करणारे बरेच जण अडकतात.

बाकीचे पटकन सांगतो. मागच्या पंखाखालचे ठिपके कमानीऐवजी जवळपास सरळ रांगेत असतील आणि मिशा आखूड वाटत असतील तर पर्नारा जातकुळी. मागच्या पंखाची खालची बाजू अगदी कोरी असेल तर ब्लँक स्विफ्टकडे संशय वळवावा. अंग थोराड आणि पुढच्या पंखावरचे ठिपके पिवळट असतील तर कंजॉइंड स्विफ्ट. बांबूच्या बेटाजवळ दिसलेल्या नराच्या मागच्या पंखावर वरून काळ्या केसांचा झुबका असेल तर पेंटब्रश स्विफ्ट. हा झुबका इतका स्पष्ट असतो की एकदा बघितला की पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही.

दुसरा घोळका नारिंगी. काळपट तपकिरी पंखांवर पिवळे-नारिंगी पट्टे असलेले हे डार्ट. आकाराने स्विफ्टपेक्षा बहुधा लहान, आणि स्वभावाने भांडखोर. यातला शिकायला सोपा म्हणजे बुश हॉपर. जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. पाणथळ जागा, भाताच्या खाचराची कड, बळ्ळारी नाल्याच्या काठचं उंच गवत, अशा ठिकाणी तो कमरेच्या वर सहसा जातच नाही. नराच्या वरच्या बाजूला नारिंगी जास्त, मादी काळपट आणि ठिपके लहान. दोघांच्याही मागच्या पंखाची खालची बाजू पिवळी आणि तिच्यावर काळे चौकोनी ठिपके विखुरलेले. ही पिवळ्यावर काळ्याची नक्षी दिसली की काम झालं.

त्याच उंचीवर उडणारा, पण कोरड्या रानातला, कॉमन ग्रास डार्ट. नावात डार्ट असलं तरी याच्या अंगावर नारिंगी नाही. काळपट पंख, पांढरे ठिपके, आणि खालच्या बाजूला शिराही पांढऱ्या उठून दिसणाऱ्या, जणू कोणी खडूने आखल्या आहेत. मघाशी मिशीच्या टोकाच्या आकड्याबद्दल सांगितलं ना? या जातकुळीत तो आकडा नसतो, टोक बोथट आणि चपटं असतं. नियमाला अपवाद कुठे असतो हे ठाऊक असलं की त्याच अपवादाची ओळख म्हणून मदत होते.

नारिंगी डार्टांत पोटँथस नावाची एक जातकुळी आहे. तिथे मात्र हात टेकावेत. यातल्या कित्येक जाती पंखांवरून खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ब्रँडेड स्विफ्टच्या दोन शेजाऱ्यांतला फरकही नराच्या त्या राखाडी रेघेची लांबी आणि नेमकी जागा मोजून करावा लागतो, मादी असेल तर विषयच संपला. अशा वेळी नोंदीत ‘पोटँथस, जात ठरली नाही’ एवढंच लिहावं. ही अर्धवट नोंद नव्हे, प्रामाणिक नोंद आहे. ठोकून लिहिलेल्या नावापेक्षा ती पुढच्या माणसाच्या जास्त उपयोगी पडते. फोटो टाकल्याबरोबर कोणीतरी ठामपणे जातीचं नाव सांगतो आणि आपणही ‘वा’ म्हणतो, त्या सवयीचा मला राग येतो.

पंखांवरून अडलं की गवताकडे वळायचं. माझ्या मते खरी मजा इथेच आहे, आणि फुलपाखरं शोधणारे बहुतेक लोक नेमकं हेच सोडून देतात.

मादी पानावर एकेक सुटं अंडं घालते, घुमटाच्या आकाराचं, पांढरट. काही दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिलं काम करते ते घर बांधण्याचं. पानाच्या दोन कडा रेशमी धाग्यांनी एकमेकींकडे ओढून नळी करते. आत बसते, खायला बाहेर येते, वाढली की मोठ्या पानावर नवी नळी बांधते. अळी फिकट हिरवी, दोन्हीकडे निमुळती, आणि डोकं अंगाच्या मानाने भलतं मोठं, मधे बारीक मान. गवताच्या पानात सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, असतं. असलं चिवट पान दिवसभर कापायचं तर जबड्याचे स्नायू दणकट हवेत, आणि ते मावायला डोकं मोठं हवं. ब्रँडेड स्विफ्टच्या अळीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना तांबूस तपकिरी रेघ असते, तिला लागून पांढरी किनार. कोष हिरवा, टोकाला चोच काढल्यासारखा, पानावर उघडाच रेशमाच्या दोरीने बांधलेला. गवतखाऊ गटातल्या बऱ्याच अळ्या कोष करायच्या आधी पांढरी मेणचट भुकटी सोडतात आणि नळीच्या आत माखतात. आपल्याकडच्या पावसात ती बहुधा पाणी अडवायला उपयोगी पडत असावी.

बांधावर वाकून पानं उलटताना हमखास कोणीतरी थांबतं.

“काय शोधालायसा ओ?”

“अळी बघालोय काका. पान गुंडाळून बसलेली.”

“फवारा मारलोय की परवाच. अजून हाय?”

हा संवाद महत्त्वाचा आहे, कारण भाताचं पान गुंडाळणाऱ्या सगळ्या अळ्या एक नसतात. शेतकऱ्याला खरा त्रास देते ती पाने गुंडाळणारी अळी. ती एका बारीक पतंगाची. ती सुरळीच्या आत बसून पानातलं हिरवं खरवडते, म्हणून पानावर लांब पांढरे पट्टे उठतात. बोट लावलं की वळवळून उडी मारल्यासारखी पळते. दुसरी ‘सुरळीतील अळी’ नावाची, तीही पतंगाचीच. पानाचे तुकडे कापून त्यांच्या नळ्या करते, आणि त्या नळ्या खाचरातल्या पाण्यावर तरंगताना दिसतात. स्किपरची अळी पान खरवडत नाही. ती कडेपासून कापत खाते, मधली शीर तेवढी उरते. तिच्या नळीचे टाके जाड, लांब लांब अंतरावर, उघड्या डोळ्यांना दिसणारे. आणि ती सुस्त असते, हात लावला तरी लगेच पळत नाही. पानावर पांढरे पट्टे नाहीत, कड खाल्लेली आहे, टाके जाड आहेत, एवढं जुळलं तर ती स्किपर. भातावर ही किरकोळ कीड मानली जाते. ट्रायकोग्रामासारख्या बारीक गांधीलमाश्या तिच्या अंड्यांतच अंडी घालतात, परजीवी माश्या अळ्यांना गाठतात, त्यामुळे सहसा ती हाताबाहेर जात नाही. केवळ तिच्यासाठी फवारणी म्हणजे त्या माश्यांनाच मारणं झालं.

नळीत राहण्याची एक अडचण आहे, ती म्हणजे विष्ठा. घरातच साठली तर वासाने शत्रू येणार. यावर स्किपरांच्या अळ्यांनी काढलेला तोडगा ऐकून हसू येतं. शेवटच्या टोकाला असलेल्या एका कंगव्यासारख्या अवयवाखाली रक्ताचा दाब वाढवून त्या विष्ठेची गोळी लांब उडवतात. मार्था वाइस या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. तिथल्या एका स्किपरची चार सेंटिमीटरची अळी गोळी दीड मीटरपर्यंत उडवते. ती जात गवतावरची नव्हे, कडधान्याच्या कुळावरची, पण युक्ती कुळभर आहे. गांधीलमाश्यांसमोर विष्ठा ठेवलेली आणि न ठेवलेली अशी दोन्ही घरं मांडल्यावर त्या विष्ठेच्या घराकडे जास्त वळल्या. म्हणजे लांब फेकणं ही नुसती टापटीप नव्हे, जीव वाचवणं आहे. आपल्यासाठी याचा अर्थ असा की नळीखाली विष्ठेचा ढीग शोधून उपयोग नाही, नळीच शोधावी लागते.

मोठ्या फुलपाखराच्या सवयीही ओळखीला मदत करतात. स्विफ्ट सकाळी आणि उन्हं कलल्यावर जास्त दिसतात. सोंड लांब, त्यामुळे घाणेरी, झेंडू, एकदांडी अशा फुलांवर आरामात बसतात, आणि फोटो काढायचा तर हीच वेळ. डार्टांचे नर मात्र एखादं उंच पातं धरून बसतात आणि जवळून काहीही गेलं, माशी असो नाहीतर दुसरा नर, की त्याचा पाठलाग करून त्याच पात्यावर परत येतात. त्यामुळे उडाला तरी मागे धावू नये, तिथेच उभं राहावं. पक्ष्याच्या वाळक्या विष्ठेवरही स्किपर बसतात. ती कोरडी असेल तर पोट पुढे वळवून तिच्यावर स्वतःच थेंब सोडतात आणि विरघळलेले क्षार सोंडेने ओढून घेतात. ऐकायला किळसवाणं, बघायला फार रोचक.

कुठे आणि कधी? पाऊस कमी झाल्यावर, श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीच्या कापणीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. गवत कोवळं नाही आणि वाळलेलंही नाही, फुलंही भरपूर. कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याकडे गेलात तर बांबू आणि सावलीतल्या गवतावरचे स्किपर भेटतात. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरात आणि अथणीच्या माळावर पाऊस इतका वेगळा पडतो की एकाच जिल्ह्यात स्किपरांची दोन वेगळी गावं वसली आहेत. कॅनरा स्विफ्ट हा पश्चिम घाटातलाच, पूर्वेकडे त्याला शोधण्यात अर्थ नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे आत जायचं तर वनखात्याची परवानगी काढूनच. शहरात राहणाऱ्यांनी एवढं लांब जायची गरजही नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या गवतात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या पायाखालून रोज हे उडत असतात.

आपल्या शेजारच्या कारवार भागात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वनखात्यातल्या टी. आर. बेल यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फुलपाखरांच्या अळ्या पाळून, कोण कुठल्या झाडावर वाढतो याच्या नोंदी केल्या. तेव्हा बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई इलाख्यात होते. इथल्या कितीतरी जातींच्या खाद्यवनस्पती त्या कामामुळे आज आपल्याला ठाऊक आहेत. जाळी घेऊन फुलपाखरामागे धावण्यापेक्षा अळी पाळून ते मोठं करणं त्यांना जास्त भरवशाचं वाटलं, आणि मोबाइल हातात असला तरी ती पद्धत जुनी झालेली नाही.

फोटो काढायचाच तर क्रम असा ठेवा: आधी पंख मिटलेले असताना बाजूने, मागच्या पंखाची पूर्ण खालची बाजू दिसेल असा. मग उघडले तर वरून. मग तो ज्या गवतावर बसलाय त्याच्या पात्याचा आणि कणसाचा. मिशीचं टोक एका तरी फोटोत आलं पाहिजे.

अळी सापडली तर पातं बुडाकडून कापून पाण्याच्या लहान बाटलीत उभं ठेवा. बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. सगळं जाळीच्या डब्यात ठेवा. पातं रोज त्याच गवताचं, ताजं, आणि फवारा न मारलेल्या शेतातलं. दुसरं गवत दिलं तर अळी खाईलच असं नाही. अंडं ते फुलपाखरू हा प्रवास साधारण महिना-सव्वा महिन्याचा. पंख वाळून ताठ झाल्यावर, उडायच्या आधी, मागच्या पंखाखालच्या सेलमध्ये ठिपका आहे का ते शांतपणे बघता येतं, आणि गवत कोणतं होतं हे तर आधीच वहीत लिहिलेलं असतं.